‘डेटा ॲनालिसिस’चं बटण कुठे गेलं?

एक्सेलमध्ये रिग्रेशन शिकवायला घेतलं की पहिला अर्धा तास रिग्रेशनवर खर्च होतच नाही, बटण शोधण्यात जातो. एकाच्या लॅपटॉपवर ‘डेटा’ टॅबच्या उजव्या टोकाला ‘डेटा ॲनालिसिस’ असं लिहिलेलं असतं, शेजारच्याच्या लॅपटॉपवर तिथे काहीच नसतं. दोघांकडे एक्सेल तेच, शीट तीच. मग कुणीतरी म्हणतं, माझं एक्सेल खराब आहे. ते खराब नसतं. शेतकी महाविद्यालयात प्लॉटचं उत्पादन अनोव्हाने तपासणारा विद्यार्थी असो, एमबीएच्या प्रोजेक्टसाठी सर्व्हे घेतलेली मुलगी असो की कर्जाच्या हप्त्यांचे तक्ते करणारं छोटं ऑफिस असो, कॉलेजच्या संगणकावरून घरच्या संगणकावर गेलं की हा प्रश्न येतोच. कारण एकदा नीट कळलं की बहुतेक अडचणी पाच-दहा मिनिटांत सुटतात.

मूळ गोष्ट एवढीच की तुमची फाइल आणि ॲड-इन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फाइल ईमेलने जाते, पेनड्राइव्हवर जाते. ॲड-इन संगणकावरच राहतं. फाइलमध्ये जातात ते फक्त त्याने काढून दिलेले आकडे किंवा त्याच्या नावाने लिहिलेली सूत्रं. त्यामुळे दुसऱ्या संगणकावर काही बिघडलं तर आधी फाइलमध्ये चूक शोधू नका. तिथे ते ॲड-इन आहे का, असलं तर चालू आहे का, आणि त्या संगणकाला ते चालवता येतं का, हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारा.

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं ॲड-इन म्हणजे ‘ॲनालिसिस टूलपॅक’. ते वेगळं विकत घ्यायचं नसतं, उतरवून घ्यायचंही नसतं. विंडोजवरच्या एक्सेलसोबत ते येतंच, फक्त बंद ठेवलेलं असतं. चालू करायचं तर ‘फाइल’मध्ये जा, ‘ऑप्शन्स’ उघडा, डावीकडे ‘ॲड-इन्स’ निवडा. इथे वरच्या यादीत ‘ॲनालिसिस टूलपॅक’ हे नाव दिसतं आणि लोक त्यावर क्लिक करून ‘ओके’ करतात. त्याने काहीच होत नाही, कारण ती यादी नुसती माहितीसाठी आहे. खरं काम खिडकीच्या अगदी तळाशी आहे: ‘मॅनेज’ असं लिहिलेलं असतं, त्यापुढच्या ड्रॉपडाउनमध्ये ‘एक्सेल ॲड-इन्स’ ठेवायचं आणि शेजारचं ‘गो’ दाबायचं. मग एक छोटी चौकट उघडते, त्यात ‘ॲनालिसिस टूलपॅक’समोर टिक करून ‘ओके’. ज्यांना हे रोज निरनिराळ्या संगणकांवर करावं लागतं त्यांनी ऑल्ट धरून टी आणि मग आय दाबावं, ती छोटी चौकट थेट समोर येते.

त्याच चौकटीत ‘ॲनालिसिस टूलपॅक - व्हीबीए’ असंही एक नाव असतं. मॅक्रो लिहून त्यातून टूलपॅक चालवायचा नसेल तर त्याची गरज नाही. खूपजण घाईत फक्त त्यालाच टिक करतात आणि बटण आलं नाही म्हणून पुन्हा गोंधळतात. ‘सॉल्व्हर’ही इथेच आहे. खर्च कमीत कमी किंवा नफा जास्तीत जास्त ठेवण्याची गणितं सोडवणारं हे साधन फ्रंटलाइन सिस्टिम्स या कंपनीने मायक्रोसॉफ्टसाठी बनवलेलं आहे. एक्सेलसोबत येणाऱ्या सॉल्व्हरला २०० बदलत्या सेल्स आणि १०० बंधनं एवढी मर्यादा आहे. प्रोजेक्टच्या कामाला ती पुरते.

आता लॅबचा नेहमीचा अनुभव घ्या. शिक्षकांनी आदल्या दिवशी सगळ्या संगणकांवर फिरून टिक करून ठेवलं, दुसऱ्या दिवशी मुलं बसली तर बटण नाही. हे टिक संगणकाचं नसतं, त्या संगणकावर लॉगिन करणाऱ्या व्यक्तीचं असतं. विंडोज ते त्या युजरच्या नोंदींमध्ये साठवतं. शिक्षकांच्या लॉगिनमध्ये केलेलं टिक विद्यार्थ्याच्या लॉगिनला दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक मुलाने स्वतःच्या लॉगिनमध्ये एकदा हे करायला हवं, आणि लॅबमध्ये बंद करताना सगळं पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर असेल तर दर वेळी. तासाची पहिली पाच मिनिटं त्यासाठी ठरवूनच ठेवावीत असं माझं मत आहे. मुलांना बटण आयतं मिळालं तर घरी गेल्यावर ती पुन्हा तिथेच अडकतात.

टिक करूनही बटण येत नसेल तर ‘मॅनेज’च्या त्याच ड्रॉपडाउनमध्ये ‘डिसेबल्ड आयटम्स’ बघा. एखादं ॲड-इन चालू असताना एक्सेल कोसळलं तर पुढच्या वेळी एक्सेल त्या ॲड-इनला या यादीत टाकून ठेवतं. तिथून ते निवडून ‘एनेबल’ करायचं आणि एक्सेल बंद करून पुन्हा उघडायचं.

जुन्या फाइल्स उघडणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. एक्सेल २००३ पर्यंत ‘ईडेट’, ‘ईओमंथ’, ‘नेटवर्कडेज’, ‘एक्सआयआरआर’, ‘रँडबिटवीन’ ही सूत्रं टूलपॅकमध्येच होती. टूलपॅक चालू नसेल तर सेलमध्ये ‘#नेम?’ यायचं. एक्सेल २००७ पासून ही सूत्रं एक्सेलच्या पोटातच आली. त्यामुळे आज ‘एक्सआयआरआर’साठी टूलपॅक चालू करा असा जुना सल्ला कुणी दिला तर तो आता लागू नाही. आजच्या एक्सेलमध्ये ‘#नेम?’ दिसलं तर कारण बहुधा स्पेलिंगमध्ये असतं, किंवा ते सूत्र तिसऱ्याच कुणाच्या ॲड-इनमधलं असतं.

आणि तिसऱ्या कुणाच्या ॲड-इनपाशी आलो की खरी गुंतागुंत सुरू होते. पुष्कळ ऑफिसांत कुणीतरी हुशार माणसाने स्वतःसाठी मॅक्रो लिहून त्याचं ॲड-इन बनवलेलं असतं. त्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एक्सएलएएम’ असतं. काही ॲड-इन्स सी भाषेत लिहून तयार केलेली असतात, त्यांचं शेपूट ‘एक्सएलएल’. काही ‘कॉम ॲड-इन’ म्हणून स्वतःच्या सेटअपने बसतात. आणि अलीकडची काही ‘ऑफिस ॲड-इन’ या प्रकारची, ब्राउझरच्या तंत्रावर चालणारी असतात, ती एक्सेलच्या आतूनच स्टोअरमधून घेता येतात. यांतलं कुठलं आपल्याकडे आहे हे ठाऊक असलं की ते कुठल्या संगणकावर चालेल याचा अंदाज आधीच बांधता येतो.

‘एक्सएलएल’ आणि ‘कॉम’ ॲड-इन्सचं पहिलं भांडण ३२-बिट आणि ६४-बिटशी. ‘फाइल’, मग ‘अकाउंट’, मग ‘अबाउट एक्सेल’ उघडा. वरच्याच ओळीत आवृत्तीच्या शेवटी ३२-बिट की ६४-बिट ते लिहिलेलं असतं. इथे विंडोजचं बिट पाहून उपयोग नाही, एक्सेलचं पाहायचं. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट एक्सेल आरामात बसतं आणि जुन्या संगणकांवर अजूनही तसंच सापडतं. २०१९ पासून ऑफिस बसवताना मूळ निवड ६४-बिटची झाली, त्यामुळे नव्या लॅपटॉपवर बहुधा ६४-बिट असतं. ३२-बिटसाठी बनवलेलं ‘एक्सएलएल’ ६४-बिट एक्सेलमध्ये उघडतच नाही, कितीही वेळा टिक करा. बनवणाऱ्याकडून ६४-बिट फाइल मिळवणं हाच उपाय. (टूलपॅकच्या स्वतःच्या फाइलचं नाव ‘ॲनालिस३२’ आहे म्हणून घाबरू नका. नाव जुन्या काळातलं आहे, ६४-बिट ऑफिससोबत त्याच नावाची ६४-बिट फाइल येते.)

‘एक्सएलएएम’ला बिटची अडचण सहसा येत नाही, पण त्यातल्या मॅक्रोने थेट विंडोजच्या आतल्या सुविधा वापरल्या असतील तर येते. तेव्हा संदेश येतो की या प्रोजेक्टमधला कोड ६४-बिट सिस्टिमसाठी सुधारायला हवा. मॅक्रो लिहिणाऱ्याने त्या ‘डिक्लेअर’च्या ओळींमध्ये ‘पीटीआरसेफ’ हा शब्द घालून प्रकार दुरुस्त करायचे असतात. वापरणाऱ्याच्या हातात इथे काही नसतं. त्याने संदेशाचा फोटो काढून लिहिणाऱ्याला पाठवावा.

यापेक्षा जास्त वेळा छळणारी अडचण शांतपणे येते, काही संदेश न देता. ॲड-इन ईमेलने आलं, तुम्ही ते उतरवलं, टिक केलं, आणि तरी त्याचा टॅब नाही की सूत्रं नाहीत. इंटरनेटवरून आलेल्या प्रत्येक फाइलवर विंडोज एक अदृश्य खूण करून ठेवतं, आणि २०१६ पासून एक्सेल अशी खूण असलेली ‘एक्सएलएएम’ फाइल गुपचूप बाजूला ठेवतं. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या सगळ्याच मॅक्रो फाइल्सना हा अटकाव सुरू झाला. खूण काढायची तर एक्सेल बंद करा, ॲड-इनच्या फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. ‘जनरल’ टॅबच्या तळाशी ‘सिक्युरिटी’पुढे लिहिलेलं असतं की ही फाइल दुसऱ्या संगणकावरून आली आहे. तिथल्या ‘अनब्लॉक’वर टिक करून ‘ओके’ करा. झिप फाइल आली असेल तर आधी झिपलाच अनब्लॉक करा आणि मग उघडा, नाहीतर खूण आतल्या फाइल्सना चिकटते.

ही खूण विंडोजच्या एनटीएफएस या फाइलव्यवस्थेतच टिकते. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेले असतात, तिथे ती राहत नाही. म्हणूनच तेच ॲड-इन ईमेलवरून आलं तर चालत नाही आणि पेनड्राइव्हवरून आलं तर चालतं. पेनड्राइव्हवरून आणलेलं ॲड-इन मात्र आधी संगणकावर कॉपी करा आणि मग टिक करा. पेनड्राइव्हवरच ठेवून टिक केलं आणि पेनड्राइव्ह काढला, तर पुढच्या वेळी एक्सेल फाइल सापडत नाही म्हणून तक्रार करतं. आणि अनब्लॉक फक्त ओळखीच्या, भरवशाच्या माणसाकडून आलेल्या ॲड-इनलाच करा. ॲड-इनमधला कोड तुमच्या परवानग्या घेऊन चालतो. तुमच्या संगणकावर तुम्ही जे करू शकता ते सगळं तोही करू शकतो.

आता फाइल पाठवल्यावर होणाऱ्या सगळ्यात विचित्र गोष्टीकडे येऊ. समजा ‘कर्ज’ नावाच्या ॲड-इनमध्ये ‘हप्ता’ हे सूत्र आहे. तुमच्या संगणकावर सेलमध्ये साधं ‘=हप्ता(बी२,बी३)’ असतं. तीच शीट शेजारच्या शाखेत उघडली, तिथेही ‘कर्ज’ ॲड-इन चालू आहे, तरी सेलमध्ये ‘#नेम?’ आणि सूत्रात असं काहीतरी लांबलचक दिसतं: ‘='सी:\युजर्स\ऑफिस१\ॲपडेटा\रोमिंग\मायक्रोसॉफ्ट\ॲडइन्स\कर्ज.एक्सएलएएम'!हप्ता(बी२,बी३)’. सूत्र फाइलमध्ये साठवताना एक्सेल ॲड-इनचा पूर्ण पत्ता सोबत लिहून ठेवतं. ॲड-इन्ससाठीचं नेहमीचं फोल्डर युजरच्या नावाखाली असतं, आणि शेजारच्या शाखेत युजरचं नाव वेगळं. म्हणून पत्ता जुळत नाही.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. ‘डेटा’ टॅबमध्ये ‘एडिट लिंक्स’ (नव्या एक्सेलमध्ये ‘वर्कबुक लिंक्स’) उघडून ‘चेंज सोर्स’मध्ये आपल्या संगणकावरची ‘कर्ज’ फाइल दाखवायची. किंवा कंट्रोल-एच दाबून त्या अवतरणचिन्हासकट ‘!’ पर्यंतचा सगळा पत्ता शोधायचा आणि त्याच्या जागी रिकामं ठेवून ‘रिप्लेस ऑल’ करायचं. पण ज्या ऑफिसात अशा शीट रोज इकडून तिकडे जातात, तिथे मुळावरच उपाय करावा: सगळ्या संगणकांवर सी ड्राइव्हमध्ये एकाच नावाचं एक फोल्डर करावं, ॲड-इन तिथे ठेवावं आणि तिथूनच ‘ब्राउझ’ करून टिक करावं. पत्ता सगळीकडे सारखा झाला की प्रश्नच उरत नाही. ‘ट्रस्ट सेंटर’मध्ये ‘ट्रस्टेड लोकेशन्स’खाली तेच फोल्डर घालून ठेवलं की मॅक्रोच्या अटकावाचा त्रासही त्या फोल्डरपुरता संपतो.

मॅकवर टूलपॅकला बरीच वर्षं जागाच नव्हती. एक्सेल २००८ मधून मायक्रोसॉफ्टने मॅक्रोची भाषा व्हीबीए काढून टाकली आणि टूलपॅकही गेला. २०११ मध्ये व्हीबीए परत आली, टूलपॅक आला नाही. मॅकवाल्यांना स्टॅटप्लस नावाचं वेगळं सॉफ्टवेअर घ्यायला सांगितलं जायचं. एक्सेल २०१६ सोबत टूलपॅक मॅकवर परतला. आता तो चालू करायला स्क्रीनच्या वरच्या मेनूत ‘टूल्स’, मग ‘एक्सेल ॲड-इन्स’ उघडून टिक करायची. ‘फाइल’मध्ये ‘ऑप्शन्स’ शोधत बसू नका, मॅकवर तो रस्ता नाही. मॅकवर ‘एक्सएलएल’ आणि ‘कॉम’ ॲड-इन्स मुळीच चालत नाहीत. ‘एक्सएलएएम’ चालतं, पण त्यातला मॅक्रो विंडोजवर टेकलेला असेल, उदाहरणार्थ ‘स्क्रिप्टिंग डिक्शनरी’ वापरत असेल किंवा फोल्डरच्या पत्त्यात उलटी तिरकी रेघ ठरवूनच लिहिली असेल, तर तिथे अडतो. ॲड-इन लिहिणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे की एकदा तरी ते मॅकवर चालवून बघा. वर्गातल्या मोजक्याच मुलांकडे मॅक असतो, पण ती मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री एकटी अडकतात.

ब्राउझरमधल्या एक्सेलवर आणि मोबाइलवरच्या एक्सेलवर टूलपॅक नाही. टूलपॅकने काढलेला तक्ता तिथे वाचता येतो, नवा काढता येत नाही. ब्राउझरमध्ये फ्रंटलाइनचंच ‘एक्सएलमायनर ॲनालिसिस टूलपॅक’ हे ऑफिस ॲड-इन घेता येतं. त्याच नावाचं ॲड-ऑन गुगल शीट्ससाठीही आहे. तिथे ‘एक्स्टेन्शन्स’, ‘ॲड-ऑन्स’ या वाटेने ते मिळतं.

ज्यांच्याकडे एक्सेलच नाही त्यांनी उगाच चोरीची प्रत शोधू नये. लिब्रेऑफिस कॅल्क फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि त्यात ही साधनं ॲड-इन म्हणून नाहीत, मूळ मेनूतच आहेत: ‘डेटा’, मग ‘स्टॅटिस्टिक्स’. अनोव्हा, रिग्रेशन, टी-टेस्ट, एफ-टेस्ट, मूव्हिंग ॲव्हरेज सगळं तिथे. सॉल्व्हर ‘टूल्स’मध्ये. आणि एक गोष्ट त्यात एक्सेलपेक्षा सरस आहे. एक्सेलचा टूलपॅक नुसते आकडे लिहून देतो. नंतर डेटातली एक नोंद दुरुस्त केली तरी रिग्रेशनचा तक्ता जुनाच राहतो, तो पुन्हा चालवावा लागतो. कॅल्क तक्त्यात सूत्रं लिहितं, त्यामुळे डेटा बदलला की उत्तरही बदलतं. दुसऱ्या माणसाकडे फाइल जाणार असेल, तो त्यात भर घालणार असेल, तर हा फरक फार मोठा आहे. एक्सेलमध्येच राहायचं असेल तर ‘लाइनेस्ट’, ‘कोरेल’, ‘टी.टेस्ट’ ही सूत्रं वापरा. ती कुठल्याही ॲड-इनशिवाय चालतात, मॅकवर, ब्राउझरमध्ये, मोबाइलवरसुद्धा, आणि जिवंत राहतात.

बटण आलं, ॲड-इन चालू झालं, आणि तरी रिग्रेशन म्हणतं की निवडलेल्या भागात आकडे नसलेला मजकूर आहे. इथे दोष ॲड-इनचा नसतो. आपल्याकडे बरेच लॅपटॉप विकत घेतल्यापासून अमेरिकी तारीख-पद्धतीवरच असतात. तुमच्या सीएसव्ही फाइलमध्ये ०५/०६/२०२३ ही ५ जूनची नोंद असेल तर असं एक्सेल ती ६ मे समजतं. १३ तारखेपासून पुढे मात्र त्याला तेरावा महिना सापडत नाही, म्हणून ती तारीख मजकूर म्हणून तशीच ठेवतं. एकाच रकान्यात वरच्या बारा ओळी उजवीकडे सरकलेल्या आणि खालच्या डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की हेच झालंय असं समजा. वरच्या ओळी बरोबर दिसतात, पण त्या चुकलेल्या असतात, आणि तीच जास्त धोक्याची गोष्ट आहे. विंडोजच्या ‘रीजन’मध्ये इंग्लिश (इंडिया) करा आणि सीएसव्ही पुन्हा उघडा. जर्मनीत राहणाऱ्या भावाला तीच सीएसव्ही पाठवली तर त्याच्याकडे सगळं एकाच रकान्यात येईल, कारण तिथे स्वल्पविराम दशांशचिन्ह म्हणून वापरतात आणि एक्सेल रकाने अर्धविरामाने तोडतं. त्याला सीएसव्हीऐवजी एक्सेलची फाइलच पाठवा.

रिग्रेशनच्या आणखी दोन मर्यादा आधीच माहीत असू द्या: ‘एक्स’चे सगळे रकाने एकमेकांना लागून हवेत, आणि ते सोळापेक्षा जास्त चालत नाहीत.

नव्या संगणकावर ॲड-इन बसवलं की खऱ्या डेटाला हात लावण्याआधी उत्तर ठाऊक असलेली छोटी चाचणी घ्या. ‘एक्स’मध्ये १, २, ३, ४, ५ आणि ‘वाय’मध्ये २, ४, ५, ४, ५ लिहा आणि रिग्रेशन चालवा. इंटरसेप्ट २.२, उतार ०.६ आणि आर-स्क्वेअर ०.६ यायला हवं. मग एका रकान्यात २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ लिहून ‘डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्स’ चालवा आणि ‘समरी स्टॅटिस्टिक्स’वर टिक करायला विसरू नका. सरासरी ५ आणि स्टँडर्ड डेव्हिएशन २.१३८०९ येईल. पुस्तकात याच आकड्यांचं उत्तर नेमकं २ दिलेलं आढळलं तर बुचकळ्यात पडू नका. ते पूर्ण समूहाचं आहे, सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ३२, तिला ८ ने भागून वर्गमूळ काढलेलं. टूलपॅक तुमचा डेटा नमुना समजतो आणि ७ ने भागतो. पूर्ण समूहाचं हवं असेल तर ‘एसटीडीईव्ही.पी’ हे सूत्र वापरा. विंडोजवरचं एक्सेल, मॅकवरचं एक्सेल आणि कॅल्क तिघांकडून हेच आकडे आले की पुढची शीट उघडा.